दीड लाखाचा माईक आणि पत्र्याखालची खोली

खानापूरकडच्या एका तरुणानं विचारलंय: "काका, घराच्या वरच्या मजल्यावरची दहा बाय बाराची खोली स्टुडिओसाठी काढली आहे. वर पत्रा आहे. इतके दिवस पंधरा हजारांच्या कंडेन्सर माईकवर भागवलं. आता दीड लाख साठलेत. एकच, पण नाव घेण्यासारखा माईक घ्यायचा आहे. नॉयमनच्या यू ८७ साठी कर्ज काढू का? नाहीतर टीएलएम १०३ किंवा एकेजीचा सी ४१४ डोक्यात आहे. काम म्हणजे भजनी मंडळं, हळदीची गाणी, गणपती मंडळांची गाणी, थोडं कानडी, आणि निवडणूक आली की प्रचाराच्या रिक्षांसाठी क्लिपा."

कर्ज काढू नकोस. सी ४१४ घे, त्यातलं एक्सएलएस मॉडेल घे, आणि उरलेले पैसे खोलीत घाल. उत्तर एवढंच आहे. खरं, नुसतं एवढं सांगून सोडलं तर दुकानात गेल्यावर पहिला विक्रेता तुझं मन बदलेल, म्हणून कारणं सांगतो. मी बेळगावच्या शहापुरात बावीस वर्षं हेच काम करतोय. माझ्या गल्लीच्या पलीकडे वडगावचे यंत्रमाग सुरू होतात, त्यामुळं चांगला माईक वाईट जागी काय करतो हे मला रोज ऐकू येतं.

आधी खोली, कारण तू तिच्याबद्दल एका ओळीत लिहिलंस आणि माईकबद्दल सतरा. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ११३० फूट; त्याला दोन भिंतींतल्या अंतराच्या दुपटीनं भागलं की खोली कुठला सूर आपणहून फुगवते, म्हणजे तिची घुमण, कळते. बारा फूट अंतरावरच्या दोन भिंतींत पहिली घुमण येते ४७ हर्ट्झला, दहा फुटांच्या भिंतींत ५६ ला. त्यांच्या दुप्पट म्हणजे ९४ आणि ११३. आता काळी एकमध्ये गाणारे एखादे बुवा धर. त्यांचा षड्ज १३८ हर्ट्झच्या जवळ, मंद्रातला पंचम १०४ ला आणि कोमल धैवत ११० ला. म्हणजे तो धैवत तुझ्या ११३ च्या घुमणीला जवळजवळ चिकटलेला. बुवा खाली उतरले की एक सूर फुगणार, शेजारचा पोटात जाणार, आणि तू रात्रभर ईक्यू, म्हणजे खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायची बटणं, फिरवत बसणार. तुझा पंधरा हजारांचा माईक हे थोडं धूसर करून दाखवत होता. लाखाचा माईक स्पष्ट करून दाखवेल. चांगल्या माईकला गाणारा कोण आणि भिंत कोण हे कळत नाही, तो दोघांनाही सारखाच न्याय देतो.

त्यामुळं पंधरा-वीस हजार आधी तिथं. रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) दोन इंची स्लॅब दुहेरी करून चार इंच जाडी, लाकडी चौकट, वरून सुती कापड. चौकट भिंतीला चिकटवू नकोस, मागं चार इंच पोकळी सोड, म्हणजे खालच्या सुरांवरही थोडा परिणाम होतो. चारही कोपऱ्यांत उभे, आणि गाणाऱ्याच्या मागं दोन. कापूस पिंजून भरलेल्या जाड गाद्याही चालतात. माझ्याकडे अजून दोन आहेत, आईच्या काळातल्या, आणि वाकळा तर डझनभर. अंड्याचे ट्रे लावू नकोस. ते टाळीचा खणखणाट किंचित कमी करतात, घुमणीला हातही लावत नाहीत, वर झुरळं होतात.

पत्र्याचं मात्र गंभीर आहे. गणपतीची गाणी लोक कधी करायला येतात? जुलै-ऑगस्टात. आणि तुमच्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूनं पाऊस कधी कोसळतो? तेव्हाच. पत्र्यावरच्या पावसाला कुठलाच माईक उत्तर देत नाही. खाली जिप्सम बोर्डाचं छत, वर रॉकवूलचा थर, आणि बोर्ड पत्र्याच्या सांगाड्याला थेट न अडकवता वेगळ्या आधारावर. यानं रिमझिम झाकली जाईल, मुसळधार नाही. मुसळधार पाऊस असेल तर चहा कर आणि थांब.

याच जागी माईकच्या आकड्यांचं बोलून घेतो. प्रत्येक माईकचा स्वतःचा एक सूक्ष्म खरखराट असतो. यू ८७ चा १२ डेसिबल, टीएलएम १०३ चा ७, सी ४१४ चा ६, आणि यांच्या एक चतुर्थांशाहून कमी किमतीच्या रोड एनटी१ चा साडेचार. म्हणजे चौघांत सगळ्यात स्वस्त तोच सगळ्यात शांत, आणि सगळ्यात महाग तो सगळ्यात बोलका! तरी जगभर लोक १९६७ पासून यू ८७ वापरतात, कारण तुझ्या खोलीतला पंखा, रस्ता आणि पाऊस मिळून जो आवाज होतो त्याच्याखाली हे सगळे आकडे गाडले जातात. या आकड्यावरून माईक निवडू नकोस.

मग सी ४१४ कशासाठी? दिशेसाठी. ही गोष्ट मला शिकायला फार वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडचे भजनी बुवा पेटी स्वतः वाजवतात. मांडी घालून बसतात, डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, आणि तोंडापासून पेटी जेमतेम दीड फूट खाली. त्यांना सांग, आधी पेटी वाजवा, आवाज नंतर वेगळा घेऊ. गाणं मरतं. त्यांचा श्वास भात्याबरोबर चालतो, पेटी काढून घेतली की ते परीक्षेला बसल्यासारखे गातात. मग एकत्रच घ्यायचं. सुरुवातीला मी घ्यायचो तो साध्या कार्डिऑइड माईकवर, समोर एक फुटावर. एकदा येळ्ळूरकडचं एक मंडळ आलं होतं. पहिला टेक ऐकवला. बुवांनी हेडफोन काढला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "माईक भारी हाय, खरं माझा आवाज कुठं ऐकू येऊलाय?" बरोबर होतं. पेटीच गात होती.

कारण साधं आहे. कार्डिऑइड पाठीमागून बहिरा असतो, बाजूनं नाही. नव्वद अंशांवरून आलेला आवाज तो फक्त सहा डेसिबलनं कमी करतो. पेटी तर त्या बाजूलाच, म्हणजे खाली असते. फिगर-एट हा दुसरा प्रकार: पुढून आणि मागून सारखाच ऐकतो, आणि दोन्हींच्या मधल्या संपूर्ण पातळीत, म्हणजे डाव्या-उजव्या कुशीला आणि वर-खाली, जवळजवळ ठार बहिरा. आता कल्पना कर. माईक बूम स्टँडवरून, म्हणजे आडव्या दांडीच्या स्टँडवरून, उलटा टांगलेला, बुवांच्या तोंडासमोर, आणि त्याचं डोकं बरोबर पेटीकडं. पेटी त्या बहिऱ्या पट्ट्यात गेली. मी स्वतः पेटीचा एक सूर दाबून धरतो, हेडफोन लावतो आणि माईक बोटानं हळूहळू तिरका करत जातो. एका जागी पेटी अचानक लांब जाते, जणू कोणी मधलं दार ओढून घेतलं. तिथं स्क्रू घट्ट करायचा. मग पेटीला खाली वेगळा छोटा माईक. तबलजीला बुवांच्या बरोबर समोर नाही, माईकच्या कुशीला बसवायचं, म्हणजे तोही पट्ट्यात. टाळकरी दुसऱ्या कुशीला, चार-पाच फूट लांब.

पाठीमागची बाजू मात्र विसरायची नाही. तिथं माईकला तेवढाच तिखट कान आहे, म्हणून त्या बाजूला गादी उभी करायची किंवा दोन वाकळा टांगायच्या. आणि फिगर-एटला जवळ गेलं की खर्ज कार्डिऑइडपेक्षाही जास्त वाढतो, तेव्हा बुवांना दहा-बारा इंचांवर ठेव आणि लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारा स्विच, टाक.

आता तुझी यादी बघ. टीएलएम १०३ फक्त कार्डिऑइड आहे. त्यावर लो-कट नाही, पॅड (मोठा आवाज झेपावा म्हणून सिग्नल कमी करणारा स्विच) नाही. एकट्या गायकासाठी, निवेदनासाठी सुंदर माईक, शंका नाही. पण वर सांगितलेली करामत त्याच्यावर होणार नाही. यू ८७ वर तीन पॅटर्न, म्हणजे ऐकण्याच्या दिशेचे प्रकार, आहेत, लो-कट आहे, पॅड आहे, सगळं होईल. पण तो तीन लाखांच्या घरात जातो. सी ४१४ लाखाच्या आसपास मिळतो, आणि त्यावर नऊ पॅटर्न, तीन पायऱ्यांचं पॅड, ४०, ८० आणि १६० हर्ट्झचा लो-कट. १९७१ पासून या घराण्याचे माईक चालत आलेत, त्यामुळं कुठं कसा ठेवावा याची माहिती आणि सुटे भाग दोन्ही मिळतात. कर्जाचं म्हणशील तर, एका गाण्याचे तुला तीन-चार हजार मिळत असतील, त्यात दीड लाखाच्या कर्जाचा हप्ता आणि व्याज घालून बघ. यू ८७ आहे म्हणून मंडळ तुला गाण्यामागं पाचशे रुपये जास्त देणार नाही. पुण्या-मुंबईत देतात, तिथं माईकचं नाव बघून स्टुडिओ बुक होतो. इथं चहा चांगला मिळतो का आणि गाडी लावायला जागा आहे का हे आधी विचारतात.

एक्सएलएस का आणि एक्सएलटू का नाही, तेही सांगतो. दोघं भाऊच, पण एक्सएलटूला वरच्या पट्टीत थोडा उठाव दिलाय, आवाज पुढं यावा म्हणून. टीएलएम १०३ लाही पाच हजार हर्ट्झच्या वर तसा उठाव आहे. इंग्रजी गाण्यात, जिथं गायक दहा वाद्यांच्या गर्दीत असतो, तिथं तो कामाचा. आपल्याकडं काय होतं? एक तर पितळी टाळ आणि झांज. त्यांच्यात मुळातच वरची पट्टी ठासून भरलेली, उठावाचा माईक लावला की कानात सुई. आणि दुसरं आपलं मराठी. चमच्यातला पहिला च आणि जरा, जास्तमधला ज हे दातांवर घासून येतात, त्यात स सारखी शीळ असते. चार, जीवन यांतले तसे नाहीत. त्या दाती च-ज-झ वर उठावाचा माईक हटकून चिरचिरतो. माझं चाचणीचं वाक्य ठरलेलं आहे: "चार चमचे साखर जरा जास्तच झाली." प्रत्येक नव्या गायकाला मी हे तीनदा म्हणायला लावतो. लोक हसतात, आवाज मोकळा होतो, आणि मला माईक कुठं ठेवायचा ते कळतं. चिरचिर आली तर माईक तोंडासमोरून काढून थोडा वर, नाक-कपाळाच्या रेषेत नेतो आणि खाली झुकवतो. विठ्ठलातल्या ठ ला काही होत नाही, पण पांडुरंगातला प, भक्तीतला भ आणि फुगडीतला फ यांच्यासाठी पॉप फिल्टर, म्हणजे तोंड आणि माईक यांच्यामधली फुंकर अडवणारी जाळी, लागतोच.

घेण्याआधी ऐक. हुबळी, पुणे, कोल्हापूर, जिथं ओळख असेल तिथून दिवसाच्या भाड्यानं दोन माईक आण, किंवा तुझा गायक घेऊन तिथं जा. दोन्ही माईक शेजारी-शेजारी बांध, एकाच वेळी रेकॉर्ड कर. ऐकताना दोन्हींची पातळी काटेकोर सारखी कर, कारण अर्ध्या डेसिबलनं मोठा आवाजही आपल्याला चांगला वाटतो. फायलींना क आणि ख अशी नावं दुसऱ्याला द्यायला सांग. मी हे केलं तेव्हा एका बाईंच्या आवाजाला मी दोनदा स्वस्तातला माईक निवडला. लाज वाटली नाही, तिच्या पुढच्या सहा गाण्यांना तोच लावला.

दुकानदार किंवा मित्र शुअरचा एसएम७बी घे म्हणतील, सध्या सगळ्या पॉडकास्टांत तोच दिसतो म्हणून. डायनॅमिक आहे, म्हणजे बाहेरचा करंट न लागणारा, दणकट आहे, वाईट खोलीत कमी बोभाटा करतो. पण त्याचा सिग्नल एका पास्कलला, म्हणजे आवाजाच्या ठरावीक दाबाला, जेमतेम १.१२ मिलिव्होल्ट, सी ४१४ चा २३. म्हणजे सव्वीस डेसिबलचा फरक, तो तुझ्या इंटरफेसच्या (माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याच्या) प्रीअँपनं, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या भागानं, भरून काढायचा आणि त्याबरोबर त्याचा फसफसाटही वर यायचा. निवेदनाला ठीक. तुझ्या कामाला मुख्य माईक म्हणून नाही. व्हॉल्वच्या माईकचा मोहही आत्ता नको, त्याला वेगळा पॉवर सप्लाय, गरम व्हायला वेळ, आणि आपल्याकडचा चढ-उतार करणारा करंट. हलगी, ताशा यांच्यासमोर मात्र सी ४१४ ठेवू नकोस. पॅड टाकून तो सहन करेल, पण टिपरू निसटून ग्रिलवर बसलेलं मी पाहिलंय. तिथं शुअरचाच डायनॅमिक एसएम५७. साठेक वर्षं तो हेच काम करतोय.

इंटरफेसचं एक तपासून घे. कंडेन्सरला ४८ व्होल्ट लागतात. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारे काही इंटरफेस तेवढे देत नाहीत आणि माईक आवाज वाढला की फाटतो. मल्टीमीटर घे, केबलच्या दुसऱ्या टोकाला पिन १ आणि २ मध्ये मोज, मग १ आणि ३ मध्ये. माईक न लावता ४४ ते ५२ च्या दरम्यान यायला हवं. आणि अर्थिंग. जुन्या घरात अर्थ वायर नुसती नावाला असते, मग लाखाच्या माईकमधून पन्नास हर्ट्झचा भुंगा येतो.

जुना माल घेण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारशील. मी घेतला होता. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून "यू ८७", अर्ध्या किमतीत, लाकडी डबा, कागद, सगळं. आठवडाभर मी हवेत होतो. आवाज बरा होता, हीच तर फसवणूक, बराच होता. एक दिवस फिगर-एट लावून सहज मागून बोललो आणि काहीच आलं नाही. स्विच फिरवला, तिन्ही जागी तोच आवाज. उघडून पाहिलं तर आत एकाच बाजूची पडदी आणि स्विचच्या वायरी कुठंच गेलेल्या नव्हत्या, बिल्ला तर गोंदानं चिकटवलेला. पैसे गेले. तेव्हापासून जुना मल्टिपॅटर्न माईक घेताना मी आधी पाठीमागून गातो. नवा घेताना अधिकृत विक्रेता, पक्कं बिल, आणि डब्यावरचा व माईकवरचा सिरियल नंबर एकच आहे का ते तिथंच बघायचं. हे माईक सगळ्यात जास्त नकली निघणाऱ्यांपैकी आहेत.

माईक घरी आला की खरी काळजी सुरू होते. आतली पडदी म्हणजे केसाहून कितीतरी पातळ प्लॅस्टिक आणि त्यावर सोन्याचा लेप. तिला ओल, धूर आणि पावडर चालत नाही, आणि आपल्याकडं तिन्ही आहेत. पावसाळ्यात वापर झाला की पॉप फिल्टर काढ, माईक कोरड्या कापडानं पुसून हवाबंद डब्यात, आत सिलिका जेल. रंग बदलणारं घे, म्हणजे ओलं झालं की कळतं, तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत वापरता येतं. माईकमधून तळल्यासारखा चर्र आवाज आला तर ती ओल आहे. दोन दिवस डब्यात ठेव, बहुतेक वेळा जातो. हेअर ड्रायर लावू नकोस, पडदीवर बोट तर कधीच नाही. मंडळं आली की उदबत्ती लावतात, नाही म्हणता येत नाही, तर ती दाराबाहेर लावायला सांग, आणि नारळ पायरीवर.

आणि खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी हत्यारं पाटावर मांडतो, पूजा होते. पहिल्या वर्षी आईनं माझ्या नव्या माईकला हळद-कुंकू वाहिलं, मोठ्या मायेनं, थेट जाळीवर. मी तोंड उघडेपर्यंत वर अक्षता पडल्या होत्या. कुंकू त्या जाळीतून आत गेलं. दुरुस्तीला पाठवून पडदी साफ करून आणली, तरी वरची चमक परत आली नाही. आता माझ्याकडं पूजा डब्याची होते, कुलूप लावलेल्या. तूही घरी आधीच सांगून ठेव.

पैशांचा हिशेब असा: माईक लाखाच्या आसपास, खोली वीस हजार, पत्र्याखालचं छत जितक्यात होईल तितकं, एक एसएम५७, आणि एक जड बूम स्टँड. स्टँडवर काटकसर करू नकोस. उलटा टांगलेला सी ४१४ हलक्या स्टँडवरून पेटीवर पडला तर बुवा आणि माईक दोघंही दुखावतात. पायावर वाळूची पिशवी टाक. तुझा जुना पंधरा हजारांचा विकू नकोस, तो पेटीखाली लागेल.

ऑर्डर देण्याआधी एकदा शहापुरात ये. तुझे नेहमीचे बुवा आण, त्यांची पेटीही आण, माझी नको, त्यांना तिचा भाता सवयीचा नसणार. माझ्या सी ४१४ वर एक तास काढू. रात्री नऊनंतर ये, तेव्हा माग थांबतात. दुपारी आलास तर बाहेर बसावं लागेल, लाईट जाईपर्यंत. लाईट गेली की सगळे माग एकदम बंद पडतात, गल्ली अशी शांत होते की शेजारच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. माझा यूपीएस चाळीस मिनिटं चालतो.